कुंभातले अमृत, हंड्यातले भूत

तमिळनाडूत कुंभकोणम् शहराजवळ गोविंदपुरम् नावाचे गाव आहे. मराठी माणूस तेथे गेला की त्याला परक्या मुलखात आल्यासारखे वाटत नाही, कारण गावात विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर आहे. २०११ मध्ये या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. दक्षिणेत अशा सोहळ्याला कुंभाभिषेक म्हणतात. यज्ञशाळेत पुजलेले पाण्याचे कुंभ घेऊन पुरोहित शिखरापर्यंत चढतात आणि ते पाणी कळसावर ओततात. कुंभात राहिल्याने साध्या पाण्याला देवत्व येते, ही त्यामागची श्रद्धा.

कुंभकोणम् हे नावही घड्यावरूनच पडले. प्रलय येणार म्हणून ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीचे बीज एका कुंभात भरून ठेवले. तो पुरात वाहत येऊन येथे थांबला. मग शंकराने किराताच्या वेशात बाण मारून तो फोडला आणि अमृत सांडले, अशी कथा आहे. आदि कुंभेश्वराचे मंदिर त्याचीच आठवण सांगते. सांडलेल्या अमृताचे तळे म्हणून महामहम् तलावात दर बारा वर्षांनी स्नानाची पर्वणी असते. मागची २०१६ मध्ये झाली. शेजारून वाहणारी कावेरीसुद्धा अगस्तीच्या कमंडलूतून सांडलेली, आणि अगस्ती स्वतः कुंभातून जन्मलेले! गांधारीचे शंभर पुत्र तुपाच्या घड्यांत वाढले. युधिष्ठिराला सूर्याने दिलेले तांब्याचे भांडे तर घरोघरी ठाऊक आहे.

भांड्यात घातलेली वस्तू वेगळी होऊन बाहेर येते, हे नवल चूल पेटवणाऱ्या प्रत्येक समाजाने पाहिले आहे. आयर्लंडच्या दग्दा देवाच्या कढईपुढून कोणी उपाशी उठत नसे. वेल्समधील केरिद्वेन आपल्या कढईत वर्षभर ज्ञानाचा काढा उकळत होती. तेथल्याच दुसऱ्या एका कढईत मेलेले शिपाई टाकले की जिवंत होऊन निघत. फक्त त्यांची वाचा गेलेली असे.

पण पुढे युरोपात हेच भांडे बदनाम झाले. १४८९ मध्ये उलरिक मोलिटर याने चेटकिणींवर पुस्तक लिहिले. त्यातल्या एका चित्रात दोन बायका आगीवरच्या हंड्यात साप आणि कोंबडा टाकत आहेत. शेक्सपिअरच्या ‘मॅक्‌बेथ’मधल्या तीन चेटकिणी त्यानंतर शंभरावर वर्षांनी आल्या. मधल्या आणि पुढच्या काळात चेटकाच्या आरोपावरून युरोपात सुमारे ४० ते ५० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य बायकाच होत्या. चुलीवर काढा उकळणे हे तर प्रत्येक घरातल्या बाईचे रोजचे काम!

महाराष्ट्रात हंड्याला चेटकीण नव्हे, गुप्तधन चिकटले. जमिनीत मोहरांचा हंडा आहे, त्यावर नाग बसला आहे, पायाळू माणसाला तो दिसतो, अशा गोष्टी आजीकडून ऐकताना मजा येते. मांत्रिक घरात शिरला की मात्र मजा संपते. तो आधी पूजेचे पैसे मागतो, मग कोंबडा, मग बोकड. हंडा काही निघत नाही. धन बळी मागते, असे सांगून माणसाच्या जिवावर उठण्यापर्यंतही मजल गेलेली आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्येच झाला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्यात गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत असून दंड वेगळा. नरबळीसारख्या प्रकाराला अर्थातच खुनाचे कलम लागते.

आणि नांगरताना किंवा पाया खणताना खरेच हंडा लागला तर? त्यासाठी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तेथे अमावास्येची वाट पाहावी लागत नाही आणि पायाळू माणूसही शोधावा लागत नाही.