डोकं तापतं तेव्हा

एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तरी रात्री समुद्रात लखलखाट दिसला, की मालवणच्या रापणकराचं डोकं तापतं. तापणारच! रापणीचं रिकामं जाळं ओढणाऱ्याला ‘ध्यान करा’ सांगणं हा शुद्ध आगाऊपणा. तरीही या अंकात आम्ही ध्यानाबद्दल लिहितो आहोत. इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, मग अंगावरच्या संवेदना. राग येतो तेव्हा श्वास भरभर चालतो, कानशिलं तापतात. हे वेळीच जाणवलं तर उगारलेला हात थांबू शकतो. तिहार तुरुंगात १९९४ मध्ये हजारावर कैदी अशाच शिबिराला बसले होते. अर्थात, एलईडी मासेमारीवरच्या बंदीची अंमलबजावणी हवीच. त्यावरचा लेखही याच अंकात आहे.