थंडी, औषध आणि कोयता

हिवाळा आला की वृत्तपत्रांतून आरोग्यविषयक सूचनांचे रकाने सुरू होतात. रक्तदाब असणाऱ्यांनी सूर्योदयापूर्वी बाहेर पडू नये, मधुमेह्यांनी पायांना जपावे, दमेकऱ्यांनी धूर टाळावा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयविकार व पक्षाघात यांचे झटके वाढतात. प्रश्न एवढाच की, हा सल्ला पाळण्याची मुभा कोणाला आहे?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून लाखो स्त्रीपुरुष पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. गाळपाचा हंगाम आणि थंडीचे महिने एकच. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचा ‘कोयता’ पहाटेच्या अंधारात दवाने भिजलेल्या फडात उतरतो. दुखण्यामुळे बसून राहावे तर खाडा पडतो. राहायला पाचटाची वा ताडपत्रीची कोपी आणि तिच्या तोंडाशीच चूल. डॉक्टर जे जे टाळायला सांगतात, ते सर्व या कामाच्या अटींतच सामावलेले आहे.

त्यात औषधाला खंड पडतो. रक्तदाबाची व मधुमेहाची गोळी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. परंतु रुग्णाची नोंद तेथे आणि रुग्ण परजिल्ह्यातील फडात. गाठीची गोळी संपली की उपचार थांबतो. या विकारांची गोम अशी की, गोळी बंद केल्यावर काही काळ काहीच जाणवत नाही; जाणवते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

श्रमशक्तीची झीज भरून काढण्याचा खर्च हा उत्पादनखर्चाचाच भाग होय. साखरेच्या हिशेबात मात्र तो मजुराच्या देहावर टाकला जातो. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळण्यात आले होते. फडातील तोडणी मजुराला तर कारखाना आपला कामगारही मानीत नाही. त्याला तो मुकादमाचा माणूस ठरवतो.

यावर उपाय नाही असे म्हणता येणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दीर्घकालीन आजाराच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधे आशा सेविकांमार्फत व उपकेंद्रांतून देण्याच्या सूचना काढल्या होत्या. साथीच्या संकटात जे शक्य मानले गेले, ते दरवर्षी ठरल्या वेळी होणाऱ्या स्थलांतरासाठी का शक्य नसावे? आमची मागणी स्पष्ट आहे : निघण्यापूर्वी प्रत्येकाची तपासणी व्हावी, तीन महिन्यांची औषधे आणि उपचाराची नोंद असलेले कार्ड हाती मिळावे, त्या कार्डावर कारखान्याच्या परिसरातील कोणत्याही सरकारी दवाखान्यात पुढची औषधे मिळावीत, आणि आजारपणाचा खाडा कापला जाऊ नये. खर्चाचा वाटा कारखान्यांनी उचलावा.

कार्यकर्त्यांनी मात्र शासनाची वाट पाहत बसू नये. दसऱ्यापूर्वी ग्रामसभेत ठराव करून तपासणी शिबिर लावून घ्यावे. तळावर जाऊन साध्या गोष्टी समजावून सांगाव्यात : बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये, मधुमेह्याने रोज रात्री पाय पुसून कोरडे करावेत व जखम आहे का पाहावे, चूल कोपीबाहेर आडोशाला मांडावी, निखाऱ्याची शेगडी आत ठेवून कोपी बंद करून झोपू नये, कारण तो वायू झोपेतच जीव घेतो. खोकला वा छातीतले दुखणे अंगावर काढू नये.

तथापि या शिकवणुकीलाच लढा समजण्याची चूक करू नये. पाय कोरडे ठेवायला सांगणाऱ्याने मजुराच्या पायांत बूट आहेत की नाहीत, हेही विचारले पाहिजे. मजुरीच्या करारात दरवाढीबरोबर औषधाचे कलम आले पाहिजे, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ते पाळले जाते की नाही, हे तळावर जाऊन तपासले पाहिजे. संघटनेचे हे काम याच हंगामापासून सुरू व्हावे.