सात वर्षांनंतर गंजाचा मालक कोण?

औंधच्या बाजारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचत गेलात, तर कुठल्या गाडीने कुठला पाऊस खाल्ला ते कळते. एमएच ११ साताऱ्याची, एमएच १० सांगलीची. मधूनच एमएच ०४ ठाण्याची, एमएच ०६ रायगडची, एमएच ०८ रत्नागिरीची. मुंबई-कोकणात आठ-दहा वर्षे वापरलेली गाडी घाट चढून खटाव-माणच्या कोरड्या मुलखात येते. इथे पाऊस कमी, म्हणून गाडी टिकेल असे आपल्याला वाटते. पण खारा वारा आणि कोकणचा पावसाळा तिच्या पोटात आधीच बसलेला असतो. २०१९ मध्ये कृष्णेच्या आणि २०२१ मध्ये चिपळूणच्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे काय झाले, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. घेणारा कोण? पहिल्या नोकरीवर कर्ज काढलेला मुलगा, नाहीतर वडाप चालवून घर भागवणारा माणूस.

गंज म्हणजे रंग उडणे नव्हे. आजच्या बहुतेक मोटारींना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. वाकवलेले पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडून झालेले पोकळ खोकेच सगळा भार पेलते. इंजिनाखालची सबफ्रेम, लोअर आर्म, मागचा ॲक्सल बीम हेही बऱ्याच गाड्यांत पत्र्याचेच. या पोकळीत पाणी आणि चिखल साचतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो जोड आतून उचकटत जातो. बाहेरून पहिले भोक दिसते तेव्हा आतले काम बहुतेक संपलेले असते. पत्र्यावर जस्ताचा थर किती द्यायचा, पोकळीच्या आत रंग पोहोचतो की नाही, पाणी निघायला भोके कुठे ठेवायची, हे सगळे कारखान्यात ठरते. मालक महिन्यातून चार वेळा गाडी धुईल, पण बीमच्या आत हात घालू शकत नाही. "मालकाने काळजी घेतली नाही" हे कंपन्यांचे उत्तर म्हणूनच अर्धेच खरे आहे. खराब रस्ते आणि जादा सवाऱ्या यांचा वाटा आहे, तो नाकारत नाही.

आता कायदा पाहू. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सरकारला सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण हे सगळे फक्त सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी! दुसरीकडे, खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तिचे पासिंग थेट नूतनीकरणाच्या वेळी होते. मधली आठ वर्षे तिच्याखाली वाकून बघायला कायद्याने कुणालाच सांगितलेले नाही. पीयूसी होते, म्हणजे धूर तपासला जातो, ॲक्सल नाही. नेमक्या याच आठ वर्षांत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आपल्या गावात येते.

अमेरिकेचे सगळेच घ्यावे असे नाही, पण हे बघण्यासारखे आहे. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ऑगस्ट २०१० मध्ये फोर्डने विंडस्टार या व्हॅनच्या १९९८ ते २००३ च्या मॉडेल्स परत मागवल्या, अमेरिका आणि कॅनडा मिळून साडेपाच लाखांहून जास्त. गंजून मागचा ॲक्सल तुटण्याचा धोका होता. आपली सात वर्षांची पट्टी लावली असती तर त्यातल्या जवळपास सगळ्या गाड्या बाद झाल्या असत्या. गंजणाऱ्या फ्रेमच्या दाव्यात टोयोटाने २०१६ मध्ये सुमारे पंधरा लाख गाड्यांबाबत तडजोड केली : पहिल्या विक्रीपासून बारा वर्षांपर्यंत तपासणी आणि गरज पडल्यास नवी फ्रेम, फुकट. तिथल्या कायद्याने सुरक्षेच्या दोषाची मोफत दुरुस्ती आता पंधरा वर्षांपर्यंत आहे. गंज सातव्या वर्षी थांबतो असे लोखंडाला कुणी सांगितलेले नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखाद्या आवृत्तीचा आधार कधी संपणार, ती तारीख सहसा आधी जाहीर करतात. मोटारीच्या सांगाड्याबाबत असे कुणी सांगत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी तर गंमतच केली आहे. भंगारात गेलेल्या गाड्यांचे पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी आता उत्पादकावर आहे. म्हणजे गाडी मेल्यावर ती कंपनीची, जिवंत पण म्हातारी असताना फक्त मालकाची.

१९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करांनी कारखाना उभारला, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. ती घालवणे हे नांगर बनवणाऱ्याचे काम होते, शेतकऱ्याचे नव्हे.

मागणी साधी आहे. भार पेलणाऱ्या भागांसाठी ही मुदत नोंदणीइतकीच, म्हणजे पंधरा वर्षे करा. खासगी गाड्यांना दरवर्षी पासिंग लावा, असे मात्र मी म्हणणार नाही. त्याचा खर्च आणि आरटीओच्या फेऱ्या पुन्हा गरिबाच्याच माथी येतील.

मागणीला पुरावा लागतो आणि तो आपल्या हातात आहे. गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, वेल्डिंग यांवर आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी घरे चालतात. गंजलेला बीम वेल्डिंगने जोडला की आतला रंग आणि जस्त जळते आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो, हे मिस्त्रींना ठाऊक असते. तेव्हा पॅच मारण्याआधी फोटो काढा. मॉडेल, उत्पादनाचे वर्ष, आधीचा जिल्हा वहीत लिहा. एकाच मॉडेलचा एकच भाग दहा गॅरेजांत तुटत असेल, तर तो मालकाचा निष्काळजीपणा उरत नाही.

गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर तक्रार केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर लगेच नोंदवा; ठरावीक संख्येने तक्रारी आल्याशिवाय चौकशी पुढे सरकत नाही. जुनी असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा उरतो. त्यातल्या उत्पादन-दायित्वाच्या 'हानी'त वस्तूचे स्वतःचे नुकसान धरत नाहीत. नुसता ॲक्सल तुटला तर ती हानी नव्हे, माणूस जखमी झाला तर हानी. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पोट भरण्यासाठी स्वतः गाडी चालवणाराही ग्राहकच ठरतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे औंधकराला साताऱ्यातच करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही.