खांदा दुखतो, पाठ पाहिली का?

शरीररचनाशास्त्राचे पहिले वर्ष संपले की अंसफलकाशी, म्हणजेच बोलीतल्या फऱ्याशी, आपल्यापैकी अनेकांचा संबंध संपतो. खांदेदुखीचा रुग्ण आला की आपण त्याच्या समोर बसतो, हात वर करावयास सांगतो, सदऱ्यावरूनच चाचपतो आणि एक्स-रे किंवा एमआरआयची चिठ्ठी लिहितो. ज्या अस्थीवर सारा खांदा तोललेला आहे ती पाठीमागे असते, म्हणून पाहिलीच जात नाही. ही सवय आपण सोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या ते सातव्या बरगडीच्या पातळीवर विसावलेले हे त्रिकोणी हाड धडाच्या सांगाड्याशी केवळ क्लॅव्हिकलच्या द्वारे जोडलेले असते. बरगड्यांशी त्याचा खरा सांधा नाही. त्याला सावरतात व फिरवतात ते त्यावरील सतरा स्नायू. हात पूर्ण वर जातो तेव्हा 180 अंशांपैकी सुमारे 60 अंश फऱ्याच्या फिरण्यातून येतात, हे इनमन व सहकाऱ्यांनी 1944 मध्येच दाखवून दिले. हे फिरणे मुख्यतः ट्रॅपेझियस आणि सेराटस अँटेरिअर या जोडीच्या हाती असते. एकाची नस दुखावली तरी जोडी मोडते.

येथेच आपली जबाबदारी सुरू होते. आपल्याकडे क्षयाच्या गाठी विपुल. त्यामुळे मानेतील गाठीची बायोप्सी ही ‘किरकोळ’ शस्त्रक्रिया मानली जाते. परंतु मानेच्या मागील त्रिकोणात स्पायनल अ‍ॅक्सेसरी नस अगदी उथळ, त्याच गाठींच्या सोबतीने जाते. ती दुखावली तर काही आठवड्यांनी रुग्ण उतरलेला खांदा आणि आडव्या रेषेवर न जाणारा हात घेऊन येतो. पाठ न पाहता त्याच्यावर ‘फ्रोझन शोल्डर’चा शिक्का बसतो आणि शेकण्यात महिने जातात. वास्तविक फ्रोझन शोल्डरमध्ये वैद्याने हलवूनही हात अडतो, विशेषतः बाहेर वळवताना. नस गेलेल्या रुग्णाचा हात, निदान आरंभी, आपण उचलला तर वर जातो. काखेतील शस्त्रक्रियेनंतर भिंतीला हात टेकून ढकलताना फऱ्याची आतली कड पंखासारखी उठली, तर लाँग थोरॅसिक नसेचा विचार करावा. नसेची दुरुस्ती जितकी लवकर, तितके फळ चांगले. गेलेले महिने परत मिळत नाहीत.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दी आणि स्त्री-रुग्णांचा संकोच ही दोन कारणे नेहमी पुढे केली जातात. पाठ पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. संकोचावर पडदा, पाठीमागे उघडणारा गाऊन आणि परिचारिकेची उपस्थिती हा साधा उपाय आहे.

म्हणून सुचवावेसे वाटते: गाठीसाठी आधी सुईची तपासणी पुरेल का, हे पाहावे, बायोप्सी अटळच असेल तर संमतिपत्रात या नसेचा स्पष्ट उल्लेख असावा, शस्त्रक्रियेपूर्वी व टाके काढताना दोन्ही हात वर करवून, पाठीमागे उभे राहून पाहावे आणि तशी नोंद ठेवावी. हमाल, गवंडी, धुणीभांडी करणारी स्त्री यांचे पोट खांद्यावरच चालते. त्यांच्यासाठी एवढे करणे हा उपकार नव्हे, आपले कर्तव्य आहे.