घोड्याला आडनाव वाचता येत नाही

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय आणि काही जणांना झोंबणार आहे. तरी लिहितो.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य फार जुनं आहे: "घोड्यावर बसणं आपल्याला शिकवावं लागत नाही, रक्तातच आहे." मल्हारराव होळकरांच्या फौजेबरोबर आपल्यातली कित्येक घराणी माळव्यात आली, हे खरंच. पण आजोबांपासून आपण सायकल चालवली, मग लूना, मग मारुती. रक्तात काही उरलं असलंच तर ते घोड्याला कळत नाही. त्याला पाठीवरचं वजन कळतं आणि तोंडातलं लोखंड कळतं.

हे आत्ता काढायचं कारण म्हणजे माझी नात. शहराबाहेरच्या एका क्लबात ती घोडेस्वारी शिकते आणि रविवारी मी तिच्याबरोबर जातो. सध्या उडीचा धडा चालू आहे. दोन खांबांमध्ये फुलीसारखे तिरपे टाकलेले दोन दांडे, मधोमध उंची जेमतेम दीड फूट. त्याच्या नऊ फूट अलीकडे जमिनीवर आडवा एक दांडा, म्हणजे घोड्याचं पाऊल योग्य जागी पडतं. मुलांनी दुडक्या चालीने यायचं, ओलांडायचं, सरळ जायचं. बस. आणि कुंपणाबाहेर आपलीच काका-मामा मंडळी मोबाइल काढून उभी: "हे काय! एवढी उडी तर बकरीपण मारते. वाढवा की उंची!" क्लबवालाही फी देणाऱ्याचं ऐकतो आणि दांडा चढवतो.

मग काय होतं? पोरगं घाबरतं. घोडा उठायच्या आधीच मानेवर झोपतं, नाहीतर मागे राहतं आणि लगामाला लोंबकळतं. दोन्हींत मार घोड्यालाच. नुसत्या उभ्या घोड्याचंसुद्धा निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर असतं. उडीसाठी त्याला तोच भाग उचलायचा असतो. ऐन वेळी तुम्ही तिथेच वजन टाकलंत तर तो कसा उचलणार? आणि मान! उडीआधी तो ती जरा आखडतो, हवेत असताना लांब करतो. दोरीवरच्या डोंबाऱ्याच्या हातातली काठी असते ना, तशी ती मान. त्याच क्षणी लगामाला झटका बसला की घोडा डोकं वर फेकतो, पाठ खाली जाते, मागचे पाय दांड्यावर आपटतात. असं चार-पाच वेळा झालं की तो पुढच्या वेळी दांड्यापाशी थांबतो. मग बाहेरून आरोळी येते, "आळशी आहे, चाबूक लाव!" अहो, आळशी नाही हो तो. तोंड दुखतंय त्याचं.

दीड फुटाच्या दांड्यावर बैठक घडते. रिकिबी एरवीपेक्षा दोन-तीन भोकं आखूड. टाच खाली, वजन टाचेत. बूड खोगिरापासून थोडं वर, वाकायचं ते कंबरेतून, नजर दांड्यावर नाही, पलीकडच्या झाडावर. गुडघ्याने खोगीर आवळलं की पोटरी मागे सरकते आणि अंग पुढे कोसळतं, म्हणून तेही नाही. हात मानेबरोबर पुढे. शिकणाऱ्याने सरळ आयाळ धरावी. यात लाज कसली? आयाळ धरलेला हात लगाम ओढत नाही. महूच्या पशुवैद्यक कॉलेजात असताना एनसीसीच्या घोड्यांवर आमचे उस्ताद रिकिबीच काढून घ्यायचे. हात पसरून, जमिनीवरच्या दांड्यांवरून, आठवडेच्या आठवडे. उंचीचं नाव काढलं की खरारा हातात देऊन तबेल्यात पाठवायचे.

"आपल्या पूर्वजांना कुठे हे सगळं शिकवलं होतं?" असं एका नातेवाइकांनी मला ऐकवलं. पूर्वज लहानपणापासून घोड्याच्या संगतीत होते, रविवारी पाऊण तास नाही. आणि शिलेदार म्हणजे कोण? स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. घोडा गेला की चाकरीवर पाणी. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. जनावराचं तोंड नि पाठ सांभाळणं ही शिलेदाराच्या पोटापाण्याची गोष्ट होती. आपण भाड्याच्या घोड्यावर बसून शिलेदारी मिरवतो आणि घोड्याची जखम क्लबच्या खात्यावर टाकतो.

परंपरेचा हा हट्ट फक्त आपलाच नाही म्हणा. युरोपातल्या रिसाल्यांत उडीच्या वेळी मागे रेलून लगाम ओढायची पद्धत कित्येक वर्षं चालली. फेदेरिको काप्रिल्ली नावाच्या इटालियन अधिकाऱ्याने घोड्यांकडे नीट बघितलं आणि सांगितलं, घोड्याला मोकळं सोडा, तुम्ही त्याच्याबरोबर पुढे या. जुन्या लोकांनी त्यालाही विरोध केला. तो 1907 मध्ये घोड्यावरून पडून गेला. आज जगभर उडी मारतात ती त्याच्या पद्धतीने.

आणि अभिमानच हवा असेल तर जवळचा घ्या ना. सप्टेंबर 2023, हांगझोऊचे आशियाई खेळ. घोडेस्वारीत 41 वर्षांनी भारताला सुवर्ण मिळालं आणि त्या चार जणांच्या संघात आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. प्रकार कोणता? ड्रेसाज. त्यात एकही उडी नसते, एक इंचाचीही नाही. बैठक, तोल, आणि घोड्याशी हलक्या हाताने बोलणं, यावरच गुण. आपल्यातल्या किती जणांनी त्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला?

क्लबवाल्यांनाही सांगणं आहे. दांडा कधी चढवायचा हे शिकवणाऱ्याने ठरवावं, पालकांनी नाही. नवशिक्याच्या घोड्याच्या गळ्यात धरायला एक साधा पट्टा घाला. पंधरा मिनिटं उडी पुरे, घोडाही दमतो.

आता "तुम्हाला मराठ्यांचा इतिहास माहीत नाही" असं लिहायला कमेंटमध्ये येणार असाल तर या, स्वागत आहे. पण आधी उडीसाठी रिकीब आखूड का करतात तेवढं सांगा, मग इतिहासावर बोलू.