भाजी धुतली, पण मुळांनी शोषले त्याचे काय?

ठाण्याहून कल्याणकडे लोकलने जाताना रुळालगतचे पालक-माठाचे वाफे आणि शेजारचा काळा नाला आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. 'भाजी मिठाच्या पाण्यात तीनदा धुते, मग चालेल ना?' असे डोंबिवलीच्या गृहिणी मला हमखास विचारतात. धुण्याने माती जाते, जंतूही कमी होतात. मुळांवाटे पानात शिरलेला धातू मात्र धुऊन वा शिजवून जात नाही.

रोपाला लोह, जस्त, मँगेनीज लागते. ते आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींना जणू दारे असतात. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येऊ शकणारे विषारी कॅडमियम याच दारांतून घुसते. पालेभाज्यांत ते अधिक साठते आणि माणसाची मूत्रपिंडे व हाडे बिघडवते. जपानमध्ये खाणीच्या पाण्याने दूषित झालेल्या जिंझू नदीकाठी 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', नावाचा रोग पसरला. रुग्णांत बहुतेक स्त्रियाच होत्या. त्यामागे कॅडमियम असल्याचे तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले.

जपानी शास्त्रज्ञांनीच पुढे भाताच्या बियाण्यावर कार्बन आयनांचा मारा करून एका जनुकात बदल घडवला. मँगेनीजचे एक दार त्यामुळे निकामी झाले आणि दाण्यातले कॅडमियम जवळजवळ नाहीसे झाले. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. किरणोत्साराने बियाणे बदलणे आपल्यालाही नवे नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाचे कित्येक वाण असेच तयार केले आहेत.

तरीही माझे स्पष्ट मत असे की, बियाण्यावर विसंबून नाला तसाच सोडणे धोक्याचे आहे. उद्या पालकाचे असे वाण आले, तरी नाल्यातले जंतू ते थोडेच अडवणार? कॅडमियमला रंग नाही, वास नाही. ते गृहिणीने कसे ओळखावे? भाजीला जाणारे पाणी आणि माती तपासून निष्कर्ष जाहीर करणे हे महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे.

मात्र भीतीपोटी पालेभाजी सोडू नका. शरीरात लोह कमी असले की आतडी कॅडमियम जास्त शोषतात; म्हणून रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी अधिक जपायला हवे. भाजी कुठली, हे विचारून घ्या. रोज एकच भाजी नको, आलटून पालटून करा. आणि पाण्याच्या तपासणीचा आग्रह आपल्या नगरसेवकाकडे जरूर धरा.