आधी हात थांबतात

सतरावे शतक म्हटले की गॅलिलिओ आणि न्यूटन डोळ्यांपुढे उभे राहतात. त्याच शतकात, त्याच युरोपात चेटकीण ठरवलेल्या बायकांना जिवंत जाळले जात होते, हे मला बी. ए. ला आल्यावर कळले. साधारण १४५० ते १७५० या काळात ४० ते ५० हजार माणसे अशी मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

हे थांबले कसे? ‘शिक्षण आले, विज्ञान आले आणि अंधार पळाला,’ असे आपण वक्तृत्वस्पर्धेत ठोकून देतो. टाळ्याही मिळतात. मला मात्र ते पटत नाही.

तिथे आरोप ऐकणारे आणि शिक्षा देणारे न्यायालयच होते. आधी बदलले ते न्यायाधीश. त्यांनी पुरावा मागितला. स्पेनच्या धर्मन्यायालयाने १६१४ मध्ये अशा खटल्यांचे नियम कडक केले. पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयाने १६२४ पासून असा प्रत्येक निकाल आपल्याकडे अपिलात यायलाच हवा, असे ठरवले. गावच्या रागापासून दूर बसलेल्या न्यायाधीशाला खटल्यातली पोकळी दिसे. जर्मनीत फ्रीड्रिख श्पे या पाद्र्याने १६३१ मध्ये आपले नाव न घालता पुस्तक छापले. छळाखाली कोणीही काहीही कबूल करील, हे त्याने दाखवून दिले. इंग्लंडने १७३५ च्या कायद्याने असे खटलेच बंद केले.

लोकांच्या मनातली चेटकीण मात्र मेली नव्हती. १७५१ मध्ये इंग्लंडातल्या ट्रिंगजवळ जमावाने एका म्हातारीला पाण्यात बुचकळून मारले. फरक एवढाच, की या वेळी फासावर गेला तो जमावाचा म्होरक्या!

आपल्याकडे ही शिकार न्यायालय करत नाही, गाव करते. मे २०२४ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक स्त्री आणि एक पुरुष यांना मारून जाळण्यात आले. तेव्हा कायदा नव्हता असे नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. अमका करणी करतो, असे सांगून त्याला त्रास देणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंड. पण कायदा नागपूरच्या विधानभवनातून निघून जंगलातल्या पाड्यावर पोचेपर्यंत काठ्या उचललेल्या असतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आईचा करणीवर विश्वास आहे. गावात म्हैस आटली तरी एका विधवा काकूंकडे बोट जाते. साप म्हणून भुई धोपटायची, आणि ती भुई नेहमी एकट्या बाईचीच! भुताखेतांवरून मी आईशी पुष्कळ वाद घातले. ती हलली नाही. मग म्हटले, “आई, मनात काहीही असो, पण कोणाचं नाव घेऊ नकोस. नाव घेतलं की लोक काठ्या घेतात.” हे तिला पटले. आता आळीत विषय निघाला की तीच बायकांना गप्प करते.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, सारे गाव विज्ञाननिष्ठ होईपर्यंत थांबू नका. त्याला पिढ्या लागतील, आणि त्या काकूंजवळ तेवढा वेळ नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा एवढेच सांगा : नाव घेणारा गुन्हेगार ठरतो आणि तक्रार पोलीस ठाण्यात होते. मने सावकाश बदलोत, हात आधी थांबले पाहिजेत.